साठ गाठी

सुरुवातीलाच माफी मागते. माझे अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला शाळेतही नीट कळले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर पेन्सिल हातात धरली ती सुक्या माशांच्या टोपलीवर वजन लिहायला. ओळी वर चढतात, त्या चढू देत. ही वही मी कुणाला दाखवत नाही. माझ्यामागे माझ्या भावाला जो कोणी बघेल, त्याने वाचली तर चालेल. अर्धी त्याच्यासाठी लिहिली आहे. उरलेली अर्धी माझ्यासाठी, कारण एक गोष्ट मी सात वर्षे पोटात ठेवली होती.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सहा वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाही. पहिला शब्द बोलला तो ‘पेज’. पुढेही त्याचे शब्द एवढेच राहिले, की हाताच्या बोटांवर दोनदा मोजून संपावेत. गावात त्याला येडो म्हणत. काही जण ‘आमचो येडो’ म्हणत, ते जरा मायेने. आई मात्र तो शब्द ऐकला की टोपली खाली ठेवून भांडायची. तिचा आवाज मोठा होता. माझा नाही, गावात मला मुकी म्हणत. मासे विकणाऱ्या बाईला आवाज लागतो, म्हणून मी ओल्या माशांच्या नादाला कधी लागलेच नाही. सुके बांगडे, सुकी कोळंबी घेऊन जवळच्या कट्टा गावच्या बाजारात एका टोकाला बसायचे. ज्यांना घासाघीस आवडत नाही असे लोक माझ्याकडे यायचे. तेवढ्यावर आमचे चालायचे.

मला दोन स्थळे आली होती. दुसऱ्या वेळी मुलाकडच्यांनी विचारले, की भावाचे पुढे काय. मी आत चुलीशी होते. आई म्हणाली, “तो खंय जातलो? जंय ही, थंय तो.” त्यांनी चहा घेतला आणि गेले. मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण फार दिवस वाटले नाही.

आई १९९८ साली गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, “तेचो भात नि कालवण एका ताटात घालू नको.” दुसरे काही नाही. दागिन्यांचे नाही, घराचे नाही. म्हणून वहीत पहिल्यांदा हेच लिहिते. भात ताटात, कालवण वाटीत. कालवणाचा थेंब भातावर गेला तर तो उठून जातो आणि दिवसभर जेवत नाही. सदऱ्याची कॉलर ओली असेल तर सदरा फाडतो. ढोल-ताशा, बँड, एसटीचा भोंगा सोसत नाही, कान दाबून खाली बसतो. तेव्हा त्याला हात लावू नये. मी एकदा लावला, तर माझा दात हलला. त्यात त्याचा राग नव्हता. तो मला ओळखतही नव्हता त्या वेळी.

आता त्याला बरे काय वाटते ते. त्यासाठी रापण म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण वाचणारा किनाऱ्यावरचा नसेलही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. एका टोकाची दोरी किनाऱ्यावर ठेवतात, होडी जाळे सोडत समुद्रात गोल फिरून दुसरे टोक घेऊन येते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोरी ओढतात. जाळे एकाचे नसते. घरोघरचे तुकडे एकत्र जोडून ते होते, आणि ज्याचा तुकडा त्याला वाटा. शिवाय जो ओढतो त्याला हाताचा वाटा. बाबांचा तुकडा आमच्याकडे होता, म्हणून त्याचा वाटा यायचा. हाताचा वाटा भावाला अर्धा मिळायचा, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना मिळतो तसा. तो चौतीस वर्षांचा झाला तरी अर्धाच. मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते.

त्याची जागा दोरीच्या शेपटाशी. ओढलेली दोरी मागे येईल तशी तो गुंडाळायचा. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याएवढा, एक बोट इकडेतिकडे नाही. मासळी उतरल्यावर बाकीचे भांडत वाटे करत असत, तेव्हा तो लाटेच्या कडेला उभा राहायचा. लाट मागे जाताना टाचेखालची रेव सरकते. ती सरकली की तो हसायचा. सगळ्या दिवसात तो तेवढाच हसायचा, पण रोज हसायचा. दुपारी जाळे वाळूत पसरलेले असे. बाबांनी त्याला लाकडी सुई धरून जाळे विणायला शिकवले होते. जाळ्याच्या एकेका भोकाला आम्ही आस म्हणतो. ती सारखी यावी म्हणून मध्ये बांबूची पट्टी धरतात. भावाला पट्टी लागत नसे. बोटावर माप होते.

ही झाली त्याची बरी बाजू. आता २००२ सालची गोष्ट.

मार्गशीर्षात आमच्या देवीची जत्रा असते. त्या दिवशी रापण बंद. सगळा गाव देवळाकडे. भाऊ ढोलामुळे जात नाही, तो एकटा किनाऱ्यावर जाळ्याजवळ राहिला. आमच्या शेजाऱ्याच्या तुकड्याला मोठ्या माशाने भोक पाडले होते, आणि शेजाऱ्याने ते जत्रेच्या घाईत कसेबसे विणून घेतले होते. कुठे आस मोठी, कुठे बारीक. भावाला ते बघवले नसणार. त्याने ते उसवले. उसवता उसवता पुढचेही चुकीचे दिसले, तेही उसवले. परत विणायचेच होते त्याला. पण सूत पुरले नाही.

सांजेला मी त्याला न्यायला गेले. तो मांडीवर सुताचा गुंता घेऊन बसला होता आणि सुटे सूत सरळ करत होता. जाळे काठ्यांवर वाळत घातले होते आणि त्यात एवढे मोठे भगदाड होते, की त्यातून मला पलीकडची होडी सबंध दिसली.

त्याला घरी आणून पेज दिली आणि मी देवळाकडे गेले. रापणीच्या तांडेलाला, म्हणजे आमच्या मुखियाला सांगावे म्हणून. तो मंडपाजवळ मुंबईहून आलेल्या पाहुण्यांशी बोलत उभा होता. सगळे पुरुष. मी खांबाशी थांबले. कुणीतरी विचारले, “काय गो, काय होया?” मी म्हटले, “काय नाय.” परत फिरले, देवीच्या मागून एक फेरी घालून पुन्हा आले. तरी ते तिथेच. मग घरी गेले. सकाळी सांगू, उद्या उठून थोडेच कोण जाळे टाकणार आहे, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लोक उशिरा उठतात, असे मनाशी म्हटले.

पण दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आधी तारली माशांचा थवा लागला. पाणी काळे पडले होते म्हणे. ओरड झाली, माणसे अर्धवट झोपेत धावली, अंधारातच जाळे गोळा करून होडीत चढवू लागली. भाऊ माझ्याआधी पोचला होता. मी पेजेचे भांडे घेऊन गेले तेव्हा तो जाळे दोन्ही हातांनी धरून वाळूत बसला होता आणि “नाय, नाय” म्हणत होता.

“सोड रे. माशे काय तुझी वाट बघत रवतले?” कोणीतरी म्हणाले.

“जत्रेक इलो नाय, तेचो राग काढता,” दुसरा म्हणाला, आणि लोक हसले.

तांडेलाने खाली वाकून त्याची बोटे एकेक करून सोडवली. मी वीस पावलांवर होते. मला ठाऊक होते. मी एवढेच म्हणायला हवे होते, की थांबा, जाळे उसवलेले आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. मी भांडे हातात धरून उभी राहिले आणि होडी गेली.

जाळे ओढून आणले तेव्हा खोळीत घमेलेभरही तारली नव्हती. सगळी भगदाडातून गेली. पाण्याच्या ओढीने फाटून ते आणखी लांब झाले होते, दोन्ही बाजूंचे तुकडेही गेले होते. सात-आठ महिन्यांत एकदा येतो तसा तो थवा होता.

“येड्यान माझा जाळा उसवल्यान,” शेजारी ओरडला. मग सगळेच बोलू लागले. भाऊ कान दाबून दोरीच्या वेढ्यात बसला. संध्याकाळी तांडेल आमच्या दाराशी आला. तो वाईट माणूस नव्हता. आत न येता म्हणाला, “बाय गो, राग मानू नको. पण उद्यापासून तेका हय धाडू नको. लोका तापली आसत.”

मी मान हलवली. तेव्हाही सांगितले नाही.

पुढचे अकरा दिवस लिहायला नको वाटते, पण लिहिते, कारण कुणी पुढे त्याला ‘घरात नीट बसवून ठेवू, खायला घालू, सुखी राहील’ असे म्हणेल. तो घरात सुखी राहत नाही. पहिल्या दिवशी पहाटे उठून दाराशी उभा राहिला. मी कडी लावली होती. तो दारावर ओरडला नाही, उभाच राहिला, दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी दोरी काढली, विहिरीची, कपड्यांची, माझ्या टोपल्यांची, आणि गुंडाळून ठेवली. मग सोडली. मग गुंडाळली. चौथ्या दिवसापासून डोके पडवीच्या खांबावर आपटू लागला. मी खांबाला गोधडी बांधली. जेवण बंद. रात्री झोप नाही. लाटेचा आवाज आमच्या घरात येतोच, तो आला की हा टाचा घासायचा. जमिनीवर, जिथे काहीच सरकत नाही.

बाजारातल्या एका बाईने सांगितले, की कणकवलीला एक डॉक्टरीणबाई अशा माणसांना बघतात. आम्ही पहिल्या एसटीने गेलो. तो ड्रायव्हरच्या मागे खिडकीशी बसला, वाटभर कान दाबून. दवाखान्यात आमच्या आधी तळेऱ्याहून आलेली एक म्हातारी होती, सोबत तिची मोठी मुलगी, केसात पांढरे आलेली. मुलगी पुढेमागे झुलत होती. म्हातारीने माझ्या भावाकडे बघितले आणि मला हळूच विचारले, “कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“माझी पण,” ती म्हणाली, आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा दुसऱ्या घरातले माणूस बघत होते. मला वाटायचे आमचे एकच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वमग्न म्हणतात असे सांगितले. हा रोग नाही, तो असाच जन्मला आणि असाच राहणार, असे म्हणाल्या. लहान मुलांसाठी आता शाळा निघत आहेत, मोठ्यांचे मात्र कुणी विचारत नाही, असेही म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून विचारले, “त्याला काय होतं ते सगळे सांगतात. त्याला बरं कशात वाटतं, ते सांगा.”

मी सांगू लागले. दोरीचे, वाळूचे, टाचेखालच्या रेवेचे, बोटावरच्या मापाचे. किती वेळ बोलले ठाऊक नाही. बाहेर रांग होती. एवढे मी कुणाशीच कधी बोलले नव्हते. बाई म्हणाल्या, “हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. झोपेपुरतं औषध देते. पण तुम्ही जे सांगितलंत ते परत सुरू होणं, हे खरं औषध. ते माझ्याकडे नाही, तुमच्या गावात आहे.”

परतीच्या एसटीत मी विचार करत बसले. त्याला किनाऱ्यावर येऊ द्या, असे सांगून कुणी ऐकणार नव्हते. दया मागितली तर चार दिवस करतील. मला चार दिवस नको होते. कट्टा आला तेव्हा मला एक गोष्ट सुचली होती. ती मी घरी येईपर्यंत मनात शंभर वेळा म्हटली, शाळेत कविता पाठ करतात तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरच्या खोपीत, माडाच्या झापांनी शाकारलेल्या झोपडीत गेले. दहा-बारा पुरुष बसले होते. मी बाहेरच वाळूत बसले.

“काकानू,” मी तांडेलाला म्हटले, “नुकसान किती झाला ता सांगा.”

“ता कित्याक तुका? झाला ता झाला.”

“नाय. सांगा.”

शेजारीच बोलला, “तीन हजार. सूत नि मजुरी धरून. दर्यात गेले ते माशे सोडून.”

“ते पैशे माझो भाव देतलो.”

खोप हसली. शेजारी म्हणाला, “तो देतलो? तेका दहाची नोट नि बिडीचो कागद सारकोच.”

“तेका मोजूक येता. तुमका तुमच्याच जाळ्याची आस मोजूक येना नाय, तेका येता.”

हे मी पाठ केलेले नव्हते. आपोआप आले. आता शेजाऱ्यावर हसले लोक.

तांडेल हसला नाही. त्याने विचारले, “खयसून देतलो?”

“वाट्यातसून. म्हयन्याक पन्नास कापा. उधारी तेच्या नावार. माझ्या नाय.”

“नि वाटो खयसून येतलो? घराकडे बसान?”

मी खाली वाळूकडे बघत राहिले.  मग तांडेलाच्या ध्यानात आले. तो म्हणाला, “म्हणजे तेका हय येवचा लागात.”

“होय.”

“चेडवा,” तो म्हणाला, “तू मुकी नाय. तू लबाड आसस.”

“अर्ध्या वाट्यातसून पन्नास कापलास तर तो खातलो काय?” कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला.

“मगे पुरो दिया.”

“बघलास?” शेजारी म्हणाला. “मुकी बोलाक लागली काय दुप्पट मागता.”

पुरा वाटा त्या दिवशी मिळाला नाही. पण तांडेलाने दुसरी एक गोष्ट केली. लिहिणे त्यालाही येत नव्हते. त्याने पातळ दोरीचा तुकडा घेतला आणि त्यावर साठ गाठी मारून तो खोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला टांगला. म्हणाला, “म्हयन्याक पन्नास, नि एक गाठ सोडूची. तेनाच सोडूची.” मग बाकीच्यांकडे बघून म्हणाला, “नि आतापासून तेना जाळ्याक हात लावन सोडल्याशिवाय जाळा होडयेत चढाचा नाय. त्या दिवशी तो सांगत होतो. आपणच आयकाक नाय.”

मी तेव्हा बोलायला हवे होते, की मलाही ठाऊक होते. माझ्याने झाले नाही. आदल्या सगळ्या बोलण्यातच माझे बळ संपले होते. शिवाय भीती वाटली. चूक माझी ठरली तर उधारी माझी होईल, मग त्याला किनाऱ्यावर यायचे कारण काय उरेल? असे मी स्वतःला समजावले. त्यात थोडे खरे होते, थोडी सोय होती. जी चूक आम्हा दोघांची होती, ती मी सगळी त्याच्या नावावर मांडली.

पहिला हप्ता पौषात गेला; पैसे तांडेलाकडे द्यायचे, तो ते ज्यांचे तुकडे फाटले त्यांना वाटायचा. त्याच्या वाट्याची मासळी विकून मी त्याला पन्नासची नोट दिली, तर भाऊ ती घेईना. पन्नासची नोट त्याच्या लेखी एकच कागद. मग दहाच्या पाच नोटा केल्या. त्याने त्या तांडेलापुढच्या फळीवर एकीच्या खाली एक अशा मांडल्या, कडा जुळवल्या, मग मेढीवरची दोरी घेतली आणि एक गाठ सोडली. शेवटची नाही, पहिली, मेढीकडची. तेव्हापासून तसेच. मासेमारीच्या आठ महिन्यांत दर महिन्याला. पावसात रापण बंद, तेव्हा गाठी तशाच राहत. ते चार महिने त्याला कठीण जायचे, अजून जातात. त्या दिवसांत मी दोरी घरी आणून ठेवते. तो बघतो, सोडत नाही.

सगळे गोड झाले असे नाही. एकदा त्याने एका लहानशा गाठीपायी जाळे तासभर अडवून धरले आणि बांगड्याचा थवा हातचा गेला. त्या दिवशी लोकांनी मला तोंडावर बोलून घेतले, आणि त्यांचेही चुकले नव्हते. मग तांडेलाने नियम केला, की भावाने जाळे आदल्या दुपारीच बघायचे आणि सूत त्याच्याजवळ कायम भरलेले ठेवायचे. तेव्हापासून पहाटे अडले नाही. गावातले लोक आपली जाळी त्याच्याकडे विणायला आणू लागले. शेजारी सगळ्यात शेवटी आला. तोही तुकडा दाराबाहेर टाकून गेला.

तिसऱ्या हंगामात तांडेलाने त्याचा पुरा वाटा केला. मला न सांगता, एके दिवशी वाळूत वाटे मांडताना त्याच्या जागी पूर्ण ढीग ठेवला. भावाने ढिगाकडे बघितले. मग खाली बसून त्यातले अर्धे बांगडे मोजले आणि नेऊन तांडेलाच्या ढिगात घातले. त्याचा वाटा अर्धा असतो, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. तांडेलाने परत आणले. त्याने परत नेले. लोक हसून हसून खाली बसले. पुरा एक महिना हा खेळ चालला. शेवटी तांडेलाने दोन अर्धे ढीग शेजारी शेजारी मांडले, मध्ये चार बोटे वाळू ठेवून. ते त्याला पटले. अजून त्याचा वाटा दोन ढिगांतच मांडतात. पुढे जो कोणी त्याच्यासोबत जाईल, त्याने एक ढीग पाहून भांडू नये. दुसरा बाजूलाच असतो.

पुढे यांत्रिक बोटी वाढल्या, रापणीला मासळी कमी झाली. तांडेलाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तो ओढायचा थांबला आणि नुसता खोपीत बसू लागला. गाठी कमी होत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण जसजशा त्या विसाच्या खाली आल्या तशी मला झोप येईना. शेवटची गाठ सुटली, की उधारी संपली. मग कुणी म्हणेल, झाले, आता याला घरी ने. बाजारात बसल्या बसल्या मी त्या गाठी मोजायची.

२०१० सालच्या चैत्रात शेवटची राहिली. मी भावासोबत खोपीत गेले. तांडेल, शेजारी आणि आणखी दोघे होते. भावाने पाच नोटा फळीवर मांडल्या, कडा जुळवल्या आणि दोरी हातात घेतली. ती गाठ सात वर्षे खाऱ्या वाऱ्यात राहून दगडासारखी झाली होती. तो ती नखाने सोडवू लागला.

मला वाटले, आता नाही तर कधीच नाही.

“काकानू,” मी म्हटले, “जत्रेच्या सांजेक माका ता भगदाड दिसला होता. तुमका सांगूक देवळाकडे इललंय. तुमच्याकडे लोका होती. तशीच परत गेलंय.”

तांडेलाने माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केले. “सात वर्सां गप रवलंस?”

“होय.”

“नि सकाळी?”

“सकाळीव गप रवलंय. तुमी तेची बोटा सोडवत होतास, तेवा मी थंयच होतंय.”

त्याने आपलीच बोटे चाचपली. मग म्हणाला, “बोटा सोडवली ती मीच मां? तो धरून बसललो, नि मी सोडवलंय. ता माका अजून आठावता. बारीक बोटा, पण काय धरलेली.” मग मान फिरवली. “आता गप रव. तेका गाठ सोडूंदे.”

“मगे आता हेका सुटी?” शेजारी म्हणाला. तो थट्टेनेच म्हणाला, पण याच वाक्याला मी इतके दिवस भीत होते.

“सुटी तू घे,” तांडेल म्हणाला. “उद्या जाळा काय तुझो बापूस बघतलो? परवाच तेच्याकडे शिवूक टाकलस तो तुकडो कोणाचो?”

शेजारी बिडी शोधू लागला.

भावाने लाकडी सुईचे टोक गाठीत घातले, हळूहळू फिरवले आणि गाठ सुटली. त्याने दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून ओढली. साठ ठिकाणी ती वाकडीच राहिली होती. ती त्याने एकसारखी गुंडाळली आणि तांडेलाच्या हातात दिली. तांडेलाने चाचपून फळीवरच्या पाच नोटा उचलल्या, सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि खिशावर हात ठेवून म्हणाला, “फिटले रे बाबा तुझे. सगळे फिटले.”